मोटारीचा रंग, धूळ आणि आच्छादन

उभ्या मोटारीवर कव्हर घालावे की घालू नये, या प्रश्नाचे जे उत्तर उपसाहित्याच्या दुकानात मिळते त्याच्या नेमके उलट उत्तर रंगकाम करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून मिळते. आणि दोन्ही उत्तरे आपापल्या मर्यादेत खरी असल्यामुळे, पदरचे पैसे खर्चून गाडीची निगा राखू पाहणारा गृहस्थ बुचकळ्यात पडतो. दुकानदाराचे म्हणणे असे, की कव्हर असले म्हणजे धूळ रंगापर्यंत पोहोचत नाही. कारागिराचे म्हणणे असे, की रोज कव्हर घालून काढलेल्या गाडीच्या बॉनेटवर आणि टपावर पुष्कळदा उघड्या गाडीहून अधिक चरे सापडतात. धुळीपासून रंगाला अपाय होतो तो नेमका केव्हा आणि कोणत्या क्रियेने, हा मूळ मुद्दा निश्चित न करताच आपल्याकडे उपायांची चर्चा सुरू होते, आणि म्हणूनच हा मतभेद मिटत नाही. कोरडी धूळ रंगावर स्वस्थ बसलेली असेपर्यंत तिचा उपद्रव अत्यल्प असतो. ती रंगावरून सरकली, मग ती फडक्याने सरको, पिसांच्या झटकणीने सरको की खुद्द कव्हराने सरको, म्हणजे अपाय होतो. कव्हर, त्याचे कापड, गाडी उभी करण्याची जागा आणि गाडी पुसण्याची रीत या सर्वांची परीक्षा याच एका कसोटीवर करावयास हवी.

आजच्या मोटारीचा रंग म्हणजे अनेक लेपांची रचना असते. पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा संस्कार होतो. मग विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक अस्तर बसविले जाते. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगद्रव्य असलेला पातळ थर, आणि सर्वांत वर क्लिअर कोट या नावाने ओळखला जाणारा पारदर्शक थर, अशी ही मांडणी असून तिची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन भरते. पैकी पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनांचा असतो. मनुष्याच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनांच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे गाडीची सारी झळाळी किती अल्प द्रव्यावर अवलंबून आहे याची कल्पना येईल. सूर्याची अतिनील किरणे शोषून घेणारी रसायने मिसळलेली असतात ती याच थरात, आणि चरे पडतात तेही प्रथम याच थरावर. गॅरेजमध्ये यंत्राने पॉलिश करून जे चरे घालवले जातात ते भरून निघालेले नसतात. चऱ्याच्या तळापर्यंत सभोवतालचा थर झिजवून पृष्ठभाग सपाट केलेला असतो. दर वेळी अशा रीतीने काही मायक्रॉन खर्ची पडतात आणि त्यांची भरपाई करण्याची कोणतीही तजवीज नसते, म्हणून कुशल कारागीरसुद्धा तीच ती गाडी वारंवार पॉलिशला घेण्यास नाखूश असतो.

पूर्वी रंगाची घडण अशी नव्हती. १९२३ साली अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने ड्यूको या नावाचा, नायट्रोसेल्युलोजपासून केलेला आणि झटपट वाळणारा रंग बाजारात आणला, त्यापूर्वी रंगीत मोटारींवर एकावर एक लेप देऊन ते वाळेपर्यंत आठवडे घालवावे लागत. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, तिचाच पुढचा अवतार असलेली पद्मिनी, आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर या गाड्यांचा ज्या काळात अंमल होता, त्या काळी रंगद्रव्य आणि झळाळी ही एकाच लेपात सामावलेली असत. पॉलिशची डबी उघडून गाडी घासू लागले म्हणजे फडक्यालाच गाडीचा रंग लागत असे, आणि बारीक चरे त्या घासण्यातच निघून जात. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर हाती येणाऱ्या त्या गाड्यांसाठी शिंप्याकडून जाड सुती कापडाची खोळ शिवून घेण्याचा शिरस्ता अनेक घरांत होता, आणि तो शहाणपणाचाच होता. कारण ती गाडी बहुधा बंगल्याच्या आवारातील गॅरेजमध्ये उभी असे, तिथे वारा नसे, आणि ती बाहेर निघे ती क्वचित, रविवारी अथवा परगावी जाण्यापुरती. आज गाडी गॅरेजमधून रस्त्यावर आली, सुती खोळीच्या जागी प्लॅस्टिकचे चंदेरी कापड आले, रंगावर नाजूक पारदर्शक थर चढला, आणि गाडी रोज बाहेर पडू लागली. इतके सगळे पालटल्यावरही खोळ घालण्याची रीत मात्र तीच राहिली, आणि पुष्कळसे नुकसान याच विसंगतीतून होते असे माझे मत आहे.

धूळ म्हणून आपण जिला एकाच नावाने संबोधतो ती वस्तुतः मुलखामुलखाची वेगळी असते. दख्खनच्या पठाराचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे, आणि त्या खडकात मुख्यत्वे फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात. खनिजांची कठिनता मोजण्याच्या मोहसच्या श्रेणीत फेल्डस्पारचा क्रमांक ६, पायरॉक्सीनचा ५ ते ६ आणि क्वार्ट्झचा, म्हणजे वाळूतील गारगोटीचा, ७ लागतो, तर खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास राहते. मोटारीवरील पारदर्शक थर तर काचेहूनही कितीतरी मऊ. नदीतील वाळूच्या उपशावर निर्बंध आल्यापासून पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या शहरांच्या भोवती बेसाल्ट फोडून खडी आणि क्रश सँड तयार करणाऱ्या क्रशरांची संख्या वाढली आहे, आणि त्या भागातून वाऱ्याबरोबर येणारा कण नुकताच फुटलेला, म्हणून टोकदार असतो. काळ्या मातीची धूळ स्वतः मऊ असली तरी दवाने भिजून चिकटते आणि आपल्या पोटात हे टोकदार कण धरून ठेवते. कोकणात जांभ्याची लाल धूळ लोहाच्या ऑक्साइडांमुळे पांढऱ्या गाडीच्या फटींत आणि रबराच्या कडांना डाग धरते. गोव्यात खनिजाची वाहतूक चालू असलेल्या वर्षांत डिचोली-सांग्याच्या रस्त्यांवरील घरे, झाडे आणि वाहने एकाच तांबूस रंगाची होत, आणि मुरगाव बंदराशेजारच्या वास्कोवासीयांची कोळशाच्या भुकटीविषयीची तक्रार तर जुनीच आहे. चंद्रपुरास कोळशाच्या धुळीच्या जोडीला औष्णिक वीजकेंद्राची राख असते. मुंबईत बांधकामांचे सिमेंट आणि समुद्राची खारट, दमट हवा यांचा संयोग होतो. सिमेंट पाण्याने अल्कधर्मी होत असल्यामुळे रात्रीचे दव पडून सकाळी सुकलेला त्याचा थर हाताने निघत नाही, आणि तो खरवडून काढण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य रंगही खरवडतो. शिवाय धूळ काही प्रांताची सीमा पाळीत नाही. २३ जानेवारी २०२२ रोजी पश्चिमेकडून, पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून निघालेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि महाराष्ट्रापर्यंत पोहोचले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी साचली होती, आणि त्या दिवशी ज्यांनी ती कोरड्या फडक्याने पुसली त्यांनी रंगाचा घातच केला.

या कणांचे सामर्थ्य कोणालाही घरच्या घरी पाहता येईल. वायपरच्या मुळाशी जी खाच असते तिच्यात साचलेली धूळ चिमूटभर घ्यावी, टाकाऊ काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ती पसरावी आणि बोटाच्या हलक्या दाबाने वरचा तुकडा दोन-चार वेळा फिरवावा. करकर असा आवाज येईल, आणि काच धुऊन उजेडाशी तिरपी धरली असता तिच्यावर बारीक पांढुरक्या रेषा उमटलेल्या दिसतील. वरच्या काचेच्या जागी कापड आणि खालच्या काचेच्या जागी तिच्याहून मऊ असा रंगाचा थर आहे असे समजले, की झटकणे, पुसणे आणि कव्हर ओढणे या तिन्ही क्रियांमध्ये काय घडते ते निराळे सांगावे लागत नाही. झालेले नुकसान पाहावयाचे तर गडद रंगाची गाडी उन्हात किंवा रस्त्यावरील दिव्याखाली उभी करून दिव्याच्या प्रतिबिंबाकडे बघावे. त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, आणि आपण पाऊलभर बाजूला सरकलो की ती वर्तुळेही आपल्याबरोबर सरकतात. वास्तविक ते चरे वर्तुळाकार नसतातच; ते सर्व दिशांना गेलेले असतात, आणि त्यांपैकी जे प्रकाशाला विशिष्ट कोनात आडवे येतात तेवढेच चमकून वर्तुळाचा भास उत्पन्न करतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर हे दिसत नाही, म्हणून ते तिथे नाही असे मानण्याचे कारण नाही.

आता आच्छादनाचा विचार. वर सांगितलेल्या कसोटीवर पाहता कव्हर ही रंगावर ठेवलेली ढाल आहे असे मानून भागत नाही. ती रंगाला स्पर्श करणारी आणि हलणारी वस्तू आहे असे धरून तिची पारख केली पाहिजे. धुळकट गाडीवर कव्हर ओढले, की टपावरून बॉनेटवर आणि बॉनेटवरून बंपरवर ते सरकताना खालची धूळ रंगावर घासली जाते. सकाळी काढताना तीच क्रिया उलट दिशेने होते, आणि रात्रभरात कव्हराच्या बाहेरच्या अंगावर साचलेली धूळ घडी घालताना आतल्या अंगाला लागून दुसऱ्या दिवशी रंगाच्या थेट संपर्कात येते. याहूनही वाईट ते वाऱ्याचे काम. ढगळ कव्हरात वारा शिरला म्हणजे ते फुगते, आपटते, आरशांच्या आणि डिकीच्या कडांवर तासन्‌तास फडफडत राहते. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर उठणाऱ्या वावटळी आणि वळिवापूर्वीचे वारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगावयास नको. अशा वेळी गाडीच्या कोपऱ्यांवर, दारांच्या कडांवर आणि बॉनेटच्या उंचवट्यांवर रंगाची झळाळी जाऊन मंद, दुधी पट्टे पडतात, आणि कित्येकदा मालकाला ते उन्हाने झाले असे वाटते.

मग कव्हराच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही काय? पुष्कळ आहे, मात्र त्यात धुळीचा क्रमांक शेवटचा लागतो. रंगाचा खरा मोठा शत्रू सूर्यप्रकाश हा आहे. अतिनील किरणांनी पारदर्शक थरातील शोषक रसायने हळूहळू निकामी होतात, थर ठिसूळ होतो आणि अखेरीस पापुद्रे सुटू लागतात. हे प्रथम टपावर आणि बॉनेटवर घडते, कारण ऊन तिथेच सरळ पडते. दुसरा शत्रू पक्ष्यांची विष्ठा. तिच्यातील आम्लता आणि दुपारच्या उन्हाने मऊ झालेला, सायंकाळी पुन्हा आकसणारा थर यांच्या संयोगाने जो डाग पडतो तो धुऊन जात नाही. तिसरे दव. निरभ्र हिवाळी रात्री उघड्या गाडीचा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव धरते. ते धुळीत मिसळून सुकले म्हणजे धुळीतील क्षार कणांना रंगाशी सांधून टाकतात. कव्हर असल्यास दव कव्हरावर पडते आणि रंग कोरडा राहतो. हे तिन्ही लाभ निःसंशय खरे आहेत, आणि जो कोणी कव्हर घेण्यास निघाला असेल त्याने आपल्याला नेमके कशापासून रक्षण हवे आहे हे आधी ठरवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कारण उन्हासाठी लागणारे कापड वेगळे, पावसासाठी लागणारे वेगळे आणि बंद जागेतील धुळीसाठी लागणारे आणखी वेगळे असते.

बाजारात मिळणाऱ्या कापडांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारे ते पॅराशूट कापड किंवा मॅटी म्हणून विकले जाणारे कृत्रिम धाग्यांचे विणलेले कापड, ज्याच्या एका अंगाला बहुधा चंदेरी लेप दिलेला असतो. हे हलके असल्यामुळे हाताळायला सोपे आणि त्याच कारणाने वाऱ्याला सर्वाधिक वश असते. आतून अस्तर नसले तर ते रंगावर ठेवण्याच्या योग्यतेचे नाही, असे मी स्पष्ट म्हणेन. दुसरा वर्ग पीव्हीसी किंवा तत्सम पाणीरोधक लेपाच्या जाड कव्हरांचा. ती पाणी बाहेर ठेवतात हे खरे, पण बाष्पही आत कोंडतात. तिसरा वर्ग न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या अनेकपदरी कापडाचा. यात वितळलेल्या प्लॅस्टिकचे बारीक तंतू एकमेकांवर पसरून पदर तयार करतात, आणि मधल्या पदराची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की बाष्प बाहेर जाऊ शकते, परंतु बारीक धूळ बहुतांशी अडून राहते. विणलेल्या सुती कापडाच्या जाळीतून बारीक धूळ सहज आत जाते, पण या कापडाला धूळ अडवता येते. मात्र उन्हात ठेवावयाचे असेल तर त्यात अतिनील किरणांना प्रतिबंध करणारे द्रव्य असल्याची खातरजमा करून घेतली पाहिजे, एरवी पॉलिप्रॉपिलीन उन्हाने लवकर जीर्ण होते. चौथा वर्ग आतून फ्लॅनेल अथवा लवचिक होजिअरीसारख्या मऊ कापडाचा, जो केवळ छपराखाली वापरण्यासाठी असतो. स्पर्श मऊ, अंगाबरोबर बसणारा. पण उघड्यावर नेला तर पाणी शोषून जड होतो आणि धूळही धरून ठेवतो.

पावसाळ्याचा प्रश्न महाराष्ट्राच्या पश्चिम भागात इतका निकडीचा आहे की त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जमीन ओली, हवा दमट, आणि मधूनच कडक ऊन अशी स्थिती असते. पाणीरोधक कव्हराखाली जमिनीतून उठणारे बाष्प अडकते, कव्हराच्या आतल्या अंगावर त्याचे थेंब धरतात, ते रंगावर पडतात आणि ऊन पडले की त्याच कोंडलेल्या जागेत तापतात. आठवडाभर न उघडलेल्या अशा गाडीच्या आसनांवर, पट्ट्यांवर आणि दारांच्या रबरावर बुरशी चढते, हे मुंबईत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्यांना ठाऊक आहे. रंगावर पांढुरकी वलये पडतात, आणि जिथे खडा उडून पत्रा उघडा पडला असेल तिथे गंज बिनबोभाट वाढतो. अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या भागाला तर विशेष धोका, कारण गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगाइतका पक्का झालेला नसतो आणि पूर्ण मुरण्यास त्याला काही आठवडे उघडी हवा लागते. ओल्या कव्हराखाली तो फोड धरतो. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी त्यात जी द्रव्ये मिसळतात तीही उन्हात रंगावर उतरू शकतात, आणि गडद रंगाचे कच्चे कापड ओले होऊन पांढऱ्या गाडीवर आपला रंग सोडू शकते. पावसाळ्यात धूळ तशीही नसते. त्या चार महिन्यांत गाडी उघडी ठेवावी, पावसाला ती धुऊ द्यावी, आणि फार तर झाडाखालची जागा टाळावी.

झाडांचा विषय निघालाच आहे, तर सावलीच्या मोहाविषयी सांगितले पाहिजे. आपल्या शहरांत गाडीसाठी सावली म्हणजे बहुधा वर्षावृक्ष, गुलमोहर, पिंपळ किंवा वड. वडा-पिंपळाच्या फळांवर दिवसा पक्षी आणि रात्री वटवाघळे येतात. वर्षावृक्षांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला, मुंबईत तो मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, तर त्या किड्यांच्या शरीरातून झरणारा गोड चिकटा खालच्या गाडीवर पडतो आणि सर्व धूळ त्याला येऊन चिकटते. अशा जागी कव्हर खरोखर उपयोगी पडते, आणि तिथे ते धुळकट गाडीवर घालण्याचा धोकाही कित्येकदा पत्करण्यासारखा असतो. तळघरातील वाहनतळाची गोष्ट निराळी. तिथे ऊन नाही, वारा नाही, पक्षीही बहुधा नाहीत. परंतु काँक्रीटच्या छतातून झिरपणारे चुन्याचे पाणी गाडीवर पडून पांढरे, टणक ठिपके पडतात, आणि ते वेळीच काढले नाहीत तर रंगात उतरतात. फरशी न घातलेल्या जमिनीची सिमेंटी धूळ प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीबरोबर उठत राहते. मऊ कव्हराला सर्वांत योग्य जागा कोणती असेल तर ती हीच.

धूळ जिथे उत्पन्न होते तिथेच ती आवरणे हा उपाय व्यक्तीच्या हाती नसला तरी गृहनिर्माण संस्थेच्या हाती काही अंशी असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने बांधकामांतील धुळीच्या नियंत्रणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली त्यांत ७० मीटरहून उंच इमारतींच्या कामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्र्याचे कुंपण, बांधकामाला चहूबाजूंनी कापडाचे आच्छादन, पाण्याची फवारणी आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकांची चाके धुण्याची व्यवस्था यांचा समावेश आहे. शेजारी काम चालू असलेल्या संस्थेच्या कमिटीने या नियमांकडे बोट दाखवून वॉर्ड कचेरीत लेखी अर्ज करणे हे पन्नास गाड्यांना पन्नास कव्हरे घेण्यापेक्षा अधिक किफायतशीर आहे, आणि त्याचा लाभ गाड्यांबरोबर माणसांच्या फुप्फुसांनाही होतो.

परंतु आपल्याकडे रंगाची सर्वाधिक हानी कशाने होते असे विचाराल तर उत्तर कव्हर हेही नाही आणि कव्हराचा अभाव हेही नाही. ती होते रोज सकाळच्या पुसण्याने. मासिक वेतनावर दहा-पंधरा गाड्या पुसणारा मनुष्य पहाटे एक बादली पाणी आणि एक जुने फडके घेऊन निघतो. पहिल्या गाडीला ते पाणी स्वच्छ असते. पाचव्या-सहाव्या गाडीपर्यंत ते चहाच्या रंगाचे होते आणि बादलीच्या तळाशी बोटभर गाळ बसतो. फडके त्यात बुडवून पिळले की तोच गाळ फडक्याच्या वीणीत भरतो, आणि पुढच्या बॉनेटवर गोल-गोल फिरतो. या माणसाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याला मिळणाऱ्या अल्प मोबदल्यात आणि संस्थेने नेमून दिलेल्या एका नळात तो याहून निराळे काही करू शकत नाही. मालकाने आपल्या गाडीपुरती दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी आणि स्वतंत्र बादली द्यावी, आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा, आधी वाहत्या पाण्याने धूळ खाली उतरवून मगच हात लावण्याची विनंती करावी. वेतन तेवढेच ठेवावे. काचा आणि आरसे मात्र रोज स्वच्छ हवेत, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. पाणीटंचाईच्या दिवसांत यालाही मर्यादा पडते, आणि पडलीच पाहिजे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांस ५००० रुपये दंड ठरवला, आणि आपल्या शहरांतही उन्हाळ्यात अशी बंदी येते. तेव्हा बादलीभर पाण्यात मिसळावयाची, कणांभोवती निसरडा लेप धरणारी जी द्रावणे मिळतात ती वापरावीत, किंवा सरळ गाडी धुळकट राहू द्यावी. धुळकट गाडी दिसायला बरी दिसत नाही. पण तिचा रंग शाबूत असतो.

रंगावर लावण्याच्या लेपांविषयी फार बोलण्याची गरज नाही, पण एक खुलासा अवश्य केला पाहिजे. सिरॅमिक लेप विकताना ९ एच कठिनतेचा जो दावा करतात तो ऐकून हा लेप क्वार्ट्झलाही दाद देणार नाही असा ग्राहकाचा समज होतो. हा आकडा मोहसच्या खनिजश्रेणीतला नव्हे. रंगाच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या कठिनतेच्या पेन्सिली ओढून जी चाचणी घेतात तिच्यातला, म्हणजे शिशाच्या पेन्सिलीचा तो दर्जा आहे. असा लेप पाणी आणि मळ झटकून टाकण्यास मदत करतो, धुणे सुलभ करतो, पण धुळीचा कण दाबून घासला तर चरा पडतोच. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, जी दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची असते, ती मात्र चरे खरोखर स्वतःवर घेते. तिची किंमत सामान्य मनुष्याच्या आवाक्याबाहेरची आहे, एवढाच तिचा दोष.

या सर्व विचारानंतर माझा निर्णय असा आहे. रोज वापरली जाणारी आणि उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर तिला कव्हर घालू नये. त्याऐवजी पत्र्याचे छप्पर मिळत असेल तर त्यासाठी खटपट करावी, कारण ऊन, दव आणि पक्षी ही तिन्ही संकटे छप्पर रंगाला न शिवता टाळते. महिना-दोन महिने उभी राहणारी गाडी असेल, जशी सुट्टीत परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्या आईवडिलांची किंवा आखाती देशांतून उन्हाळ्यात मायदेशी येणाऱ्या आपल्या लोकांची असते, तर ती आधी नीट धुऊन, पूर्ण कोरडी करून, बाष्प बाहेर जाऊ देणारे आणि त्या गाडीच्या मापाचे कव्हर घालावे, पोटाखालून पट्टे आवळावेत, आणि कोणा विश्वासू शेजाऱ्याला अधूनमधून बाजूने उचलून पाहण्यास सांगावे. कारण आच्छादलेली, निश्चल गाडी हे उंदरांना आयतेच बिऱ्हाड असते आणि वायरी कुरतडल्या गेल्या तर येणारा खर्च रंगकामाहून मोठा असतो. रस्त्यावर दीर्घकाळ कव्हराखाली राहिलेली गाडी बेवारस समजली जाण्याचाही संभव असतो, त्यामुळे नंबरपाटी दिसेल असे कव्हर निवडावे आणि वॉचमनला खबर देऊन ठेवावी.

कव्हर घालण्याची रीत कापडाइतकीच महत्त्वाची आहे. सायलेन्सर आणि बॉनेट निवल्याशिवाय ते घालू नये. घडी टपाच्या मध्यावर ठेवून तिथून पुढे आणि मागे उलगडत जावी. दोघांनी मिळून केले तर कापड कुठेही ओढावे लागत नाही. काढताना आधी दोन्ही बाजू टपावर दुमडून घ्याव्यात, मग पुढून आणि मागून मध्यापर्यंत गुंडाळत आणावे, म्हणजे बाहेरची धूळ घडीच्या आत राहते आणि आतले अंग बाहेरच्या अंगाला लागत नाही. पुढची बाजू कोणती हे ओळखण्यासाठी आतून रंगीत दोऱ्याचा टाका घालून ठेवावा. दर महिन्या-दीड महिन्याने कव्हर स्वतंत्रपणे, सौम्य साबणाने, कपड्यांसाठी वापरतात ते सुगंधी कंडिशनर न घालता धुवावे आणि दोरीवर सावलीत पूर्ण वाळवावे. चंदेरी लेपाच्या कव्हराची मुदत उन्हात फार तर काही हंगामांची असते. त्यावर हात फिरवला असता बोटांना राखाडी भुकटी लागू लागली, किंवा शिवणीजवळ कापड नखाने फाटू लागले, तर ते त्याच दिवशी गाडीवरून काढून टाकावे, कारण मग त्या कव्हराचीच धूळ रंगावर पडू लागलेली असते.